रुमाचं पुस्तक तू परत दिलं नाहीस

वत्सला,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. हॉलमध्ये खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता आणि त्याला निशिगंधाचा जाडजूड हार घातला होता. त्या वासानं तुझं डोकं चढायचं, पण आता तुला कोण विचारतंय. हेडमिस्ट्रेस बोलायला उठल्या आणि तुझं नाव बंगाली वळणानं घेत म्हणाल्या, आमच्या बोत्शोलादी म्हणजे मायेची मूर्ती, नावासारख्याच वत्सल. मला हसू फुटलं. मी पदर तोंडाशी धरला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मायेची मूर्ती! तू जिन्यावरून येताना दिसलीस की मुलांचे ओठ आपोआप मिटायचे. तुझी भावजय एकदा मला म्हणाली होती, वन्सं घरात असल्या की आमच्या कपबश्यांचासुद्धा आवाज होत नाही.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. शाळेत मराठी अशा आपण दोघीच, तेव्हा मी बोलणारच असं त्यांनी धरलं होतं. मी मानेनंच नाही म्हटलं. मला जे बोलायचं आहे ते बंगालीत, लोकांसमोर, हार घातलेल्या फोटोशी बोलण्यासारखं नाही. ते तुझ्याशी आणि मराठीत बोलायचं आहे. तू तुझ्या मोडक्या मराठीत उत्तरं दिली असतीस. कलकत्त्यातल्या भवानीपुरात जन्मलीस, तिथंच वाढलीस, मराठी ऐकलीस ती फक्त घरातल्यांच्या तोंडून. 'माझा पुस्तक' म्हणायचीस, 'ती दार' म्हणायचीस. मी चूक काढली की उसळायचीस. "शालू, बंगालीत दार बाई पण नाही आणि बाप्या पण नाही. तरी उघडते ना?"

वयानं तू माझ्याहून बरीच मोठी. पहिल्याच दिवशी मी वत्सलाताई म्हटलं तर म्हणालीस, "ताई नको. वत्सला म्हण आणि कामाला लाग." म्हणून तुला कायम अरे-तुरेच केलं. आजही तेच करते.

ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून कलकत्त्याला आले आणि काळीघाटजवळच्या त्या दुमजली घरातल्या शाळेत हिंदी आणि हस्तकला शिकवायला लागले. इकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आई मात्र दरवर्षी जूनमध्ये पत्र टाकायची, शाळा उघडल्या का गं? तेव्हा आमची सहामाही जवळ आलेली असायची.

माझ्या पहिल्या जानेवारीत मी वर्ग सजवायला रंगीत कागदाच्या झिरमिळ्या आणि फुगे घेऊन आले. तू एक झिरमिळी दोन बोटांत धरून वर उचललीस.

"हा कुणाच्या लग्नाचा आहे?"

"मुलांना मजा वाटेल," मी म्हटलं.

"संध्याकाळी हे गटारात जाईल. गटार तुंबेल. मग पावसात ह्याच मुलांच्या घरात पाणी शिरेल. तेव्हा तू जाशील उपसायला?"

सगळा वर्ग ऐकत होता. माझे कान तापले. मी झिरमिळ्या गुंडाळून पिशवीत घातल्या आणि ठरवलं की ह्या बाईशी पुन्हा बोलायचं नाही. दुपार व्हायच्या आत तुझ्या वर्गाच्या दारात उभी राहून तोंडात बोट घालून बघत होते.

कारण असली मजा मी आयुष्यात पाहिली नव्हती. तुझा नियमच होता, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुणीही काहीही नवं आणायचं नाही. मुलं मागच्या वर्षीच्या वह्या घेऊन आली होती. त्यातली कोरी पानं सोडवायची, जुळवायची, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची. वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. कुणाच्या वहीवर अर्धे शंकर-पार्वती, कुणाच्या वहीवर चहाच्या मळ्यातली बाई. खळीच्या वासानं सगळा मजला भरला होता. थोटक्या पेन्सिली बोरूच्या नळीत बसवून लांब केल्या जात होत्या. युनिफॉर्मची दुमड सोडली की खाली जी पांढुरकी रेघ दिसते, जिची मुलींना लाज वाटते, त्या रेघेवर तू लाल दोऱ्यानं साखळी टाका घालायला शिकवलास. मग ज्या मुलीच्या फ्रॉकला रेघच नव्हती ती रडायला लागली. चहाच्या दुकानातून फेकलेली मातीची भांडी धुऊन आणायची, बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, त्यात धणे, मेथी, झेंडू. खिडक्यांच्या कट्ट्यावर ओळीनं सगळ्या वर्गाची शेतं. शेवटच्या दिवशी साल नावाच्या झाडाच्या पानांच्या पत्रावळींवर खिचडी, आणि पत्रावळी गच्चीवरच्या खड्ड्यात, खतासाठी. गाडगी आणि कंपासपेट्या बडवत मिरवणूक निघायची. तू सगळ्यात पुढे, कपाळाला आठी घालून. तुझ्या चेहऱ्यावर मजा कधी दिसलीच नाही. पण दुपारी घरी जायची वेळ झाली की मुलं जायला तयार नसायची.

आणि सगळ्यात मोठा कार्यक्रम पुस्तकांचा. वरच्या वर्गात गेलेल्यांनी आपली जुनी पुस्तकं वर्गाच्या मधोमध ढिगात आणून ठेवायची. मग हंडीतून चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याच्या नशिबात जो संच येईल तो त्यानं घ्यायचा. आधीच्या मुलाचं नाव आतल्या पानावर असायचंच. त्याच्याखाली आपलं नाव लिहायचं आणि वर्गानं टाळ्या वाजवायच्या. भावाची भावाला, बहिणीची बहिणीला, असं चालायचं नाही. "ज्याला मोठी बहीण नाही त्यानं काय करायचा?" म्हणायचीस. वकिलाचा मुलगा आणि धोब्याची मुलगी एकाच हंडीत हात घालायची.

पण क्रूर होतीस, वत्सला. एका वर्षी एका मुलाला त्याच्या बापानं चकचकीत प्लॅस्टिकचं दप्तर घेऊन दिलं. पोरगं हौसेनं पाठीला लावून आलं. तू ते काढून घेतलंस आणि फळ्याच्या वर खिळ्याला टांगलंस. "पाहुणे आलेत," म्हणालीस, "नमस्कार करा." आठवडाभर प्रत्येक मूल वर्गात शिरताना त्या दप्तराला हात जोडायचं आणि हसायचं. त्या पोराला आपली पुस्तकं धोतराच्या फडक्यात बांधून न्यावी लागली. त्याचं तोंड मला अजून आठवतं. मी तुला म्हटलं, पुरे आता. तू म्हणालीस, "रडून झाला की विसरेल. त्याच्या शेजारचा मात्र उद्या बापाकडे दप्तर मागणार नाही."

माझी झबलीही तू अशीच नेलीस. माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं तेव्हा मी महिनाभर घराबाहेर पडले नव्हते. आईनं साताऱ्याहून झबली, टोपडी, दुपटी शिवून पाठवली होती, ती मी कपाटातून काढायची आणि पुन्हा घड्या घालून ठेवायची. तू आलीस. सांत्वनाचा एक शब्द बोलली नाहीस. कपाट उघडलंस, सगळं पिशवीत भरलंस. मी ओरडले, तुझ्या अंगावर धावून गेले. तू माझा हात धरून बाजूला केलास. "उद्या शाळेत ये. मातीच्या भांड्यांना भोकं पाडायची आहेत." आणि जिना उतरून गेलीस. ते कपडे कुणाला दिलेस ते सांगितलं नाहीस. मी विचारलं की एवढंच म्हणायचीस, "कुणाच्या तरी अंगावर आहेत." दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले. तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून खाली मान घालून दिवसभर भोकं पाडत बसले. त्या दिवसानं मला वाचवलं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. कधी वाटतं हो. कधी तुझा राग इतका येतो की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

मग तो जानेवारी आला.

त्या वर्षी बाजारात कागदच नव्हता. वह्यांसाठी रांगा लागायच्या, रांगेत उभं राहूनही मिळायच्या नाहीत. तेव्हा तुझ्या आठवड्याची सगळ्या पालकांना एकदम किंमत कळली होती. चौथीत तुझ्याकडे रुमा नावाची मुलगी होती, बडबडी, शाईनं बोटं कायम निळी. दुर्गापूजेच्या सुट्टीत तिला ताप आला आणि सुट्टी संपायच्या आत ती गेली. तिची धाकटी बहीण झुमा तिसरीत होती. जानेवारीत ती चौथीत तुझ्या वर्गात आली. छातीशी रुमाची सगळी पुस्तकं धरून आली.

आईनंच दिली होती. दीदीची पुस्तकं तू वाच, म्हणून.

मी तेव्हा वर्गात होते, चिठ्ठ्या कापत होते. तू झुमासमोर उभी राहिलीस.

"ढिगात ठेव."

तिनं पुस्तकं आणखी घट्ट धरली.

"चौथीची पुस्तकं आहेत. चौथीच्या ढिगात जातात. ठेव."

मी तुझ्या कोपराला हात लावला. तू तो झटकलास. झुमानं ठेवली नाहीत, तेव्हा तूच तिच्या हातातून एकेक पुस्तक काढून घेतलंस आणि ढिगावर टाकलंस. मग चिठ्ठ्या निघाल्या. झुमाला कुणाचा तरी बरा संच मिळाला. रुमाचा संच मीनूला गेला.

मीनू पूर्व बंगालातून आलेल्या लोकांच्या वसाहतीतून यायची, जादवपूरच्या पलीकडून, चालत. तिच्याकडे तोवर स्वतःचं असं एकही पुस्तक नव्हतं. तिनं ती पुस्तकं मांडीवर घेतली आणि वास घेतला. आतलं पान उघडलं. तिथं रुमाचं नाव होतं, फुलं-पानं काढून लिहिलेलं. त्याखाली मीनूनं अगदी बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं. टाळ्या वाजवायच्या होत्या. कुणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मुलं मीनूपासून पळायला लागली. तिच्या बाकावर कुणी बसेना. "छूंस ना, छूंस ना," शिवू नकोस, मेलेल्या मुलीचं पुस्तक आहे, शिवलंस की तूही मरशील. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याचा खेळच केला. मीनू एकीकडून यायची की पोरं किंचाळत दुसरीकडे. पहिल्या दिवशी मीनूला वाटलं हा खरंच खेळ आहे. ती हसत त्यांच्यामागे धावत होती. मी वरून बघत होते. कधीतरी तिला कळलं, आणि ती थांबली. पुस्तकं पोटाशी धरून नळाजवळ उभी राहिली.

तू मीनूला जवळ घेतलं नाहीस. घंटा झाल्यावर रुमाचं भूगोलाचं पुस्तक टेबलावर ठेवलंस आणि विचारलंस, "रुमा कशानं गेली?"

"तापानं," मुलं म्हणाली.

"मग बघा हात लावून. पुस्तकाला ताप आहे का?"

रांग लावलीस. एकेकानं पुढे यायचं, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवायचा, आणि मोठ्यानं सांगायचं, ताप नाही. काही जण रडत आली. एकानं हात मागे लपवला तर तू त्याचा हात धरून पुस्तकावर ठेवलास. ताप नाही. ताप नाही. ताप नाही. आणि त्या रांगेत झुमाही होती, वत्सला. तू तिला वगळलं नाहीस. तिची पाळी आली. तिनं हात ठेवला आणि काही बोललीच नाही. हात उचललाही नाही. सगळे थांबले. तू वाट बघितलीस, आणि मग तिचं एकेक बोट पुस्तकावरून सोडवलंस.

"पुढचा," म्हणालीस.

मुलांचं मीनूला टाळणं त्या दिवसापासून थांबलं, हे खरं आहे. पण झुमाच्या बोटांचं मी काय करू?

संध्याकाळी रुमाची आई आली. कशीबशी गुंडाळलेली पांढरी तांताची सुती साडी, केस तसेच. शिक्षकांच्या खोलीत तू, मी आणि ती. तिच्या हातात कोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा होता. टंचाईच्या दिवसांत कुठून मिळवली असतील, देव जाणे.

"दीदी, त्या मुलीला ही नवी द्या," ती म्हणाली. "तिचं काही नुकसान नाही. माझ्या रुमाची तेवढी मला परत द्या."

"ती आता मीनूची आहेत."

"नवी देतेय मी. सगळी नवी."

"माझ्या वर्गात नवी चालत नाहीत."

ती बाई खाली बसली आणि तिनं तुझे पाय धरले. मी उठून तिला उठवायला गेले. तू एक पाऊल मागे सरकलीस. तिचे हात फरशीवर राहिले.

"झुमाला वाचू देणार होतात ना?" तू विचारलंस.

"हो. पण आता नाही. आता मी ती कुणालाच देणार नाही. ट्रंकेत ठेवीन."

"तेच," तू म्हणालीस. "माझ्या वर्गात हा नियम आहे. सगळ्यांना सारखा."

ती उठली. नवी पुस्तकं टेबलावरच राहिली. जाताना दारात वळून तिनं तुला म्हटलं, तुम्हाला मूल नाही म्हणून. तू त्यावर चष्मा पुसलास.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आपण भांडत गेलो. मी तुला राक्षसीण म्हटलं. पुस्तक दिलं असतंस तर आभाळ कोसळलं असतं का? एका आईसाठी एकदा नियम मोडता येत नाही? तू म्हणालीस, "पुस्तक ट्रंकेत गेला की मेला." त्या वेळी मी तुझं व्याकरण सुधारलं नाही. "मुलगी गेली, ती काही मी आणू शकत नाही. पुस्तक जिवंत आहे."

"माझी झबलीसुद्धा तू अशीच नेलीस," मी म्हटलं.

"मग? मेलीस का?"

ट्राम आली. तू चढलीस. मी चढले नाही. पुढचे कितीतरी दिवस मी तुझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

झुमाचं नाव तिच्या आईनं आठवड्याभरात शाळेतून काढलं. आणि तो भूगोल मीनू शिकत राहिली. उन्हाळ्याच्या सुमाराला ती एक पान उघडून माझ्याकडे आली. नद्यांच्या नकाशाशेजारी समासात रुमानं एक मांजर काढलं होतं, मिशीवालं, गळ्यात टाय, हातात छत्री. पुढे पर्जन्यमानाच्या पानावर तेच मांजर भिजलेलं. तागाच्या गिरणीपाशी तेच मांजर पोतं उचलताना. जागोजाग होतं. मी खोडरबर दिलं तर मीनूनं खोडायला नकार दिला. बघता बघता सगळी चौथी ते मांजर बघायला तिच्या बाकाभोवती जमायला लागली. ज्या बाकावर कुणी बसत नव्हतं त्याच बाकावर गर्दी. पुढच्या वर्षी ते पुस्तक ज्याच्याकडे गेलं त्यानं रिकाम्या पानांवर मांजराचं लग्न लावून दिलं.

तू मला तो भूगोल दाखवून म्हणालीस, "बघ. ट्रंकेत असता तर?"

मी म्हटलं, "एकदा तिच्या आईला दाखवूया. नुसतं दाखवायचं."

"दाखवलं तर ती सोडणार नाही."

"मग न सोडू दे."

तू पुस्तक मिटून कपाटात ठेवलंस. त्या बाईनं ते मांजर कधीच पाहिलं नाही. तिच्या मुलीनं काढलेलं मांजर साऱ्या शाळेनं पाहिलं, तिनं नाही. ह्यावर तुझं-माझं भांडण मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही. तुझं बरोबर होतं, हे मला दिसतं. तरी तू दिलं असतंस तर मी तुला जास्त मानलं असतं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. पालकांच्या तक्रारी कमिटीकडे गेल्या. प्लॅस्टिकच्या दप्तराचा बापही त्यात होता. कागद बाजारात परत मिळायला लागला, तसं कमिटीनं ठरवलं की मुलांनी नव्या वस्तू आणल्या तर शाळा नीटनेटकी दिसते. तुझा आठवडा बंद झाला. तुला चौथीवरून काढून शिवण दिलं. कारकुनानं कपाटं रिकामी केली आणि जुनी पुस्तकं रद्दीवाल्याला विकली. त्यात तो भूगोल होता. म्हणजे रुमाचं मांजर कुठल्या तरी मुरमुऱ्यांच्या पुडीला गेलं असणार. मी तुला ते सांगायला आले तेव्हा तू शिवणयंत्रात दोरा ओवत होतीस. "पुडी पण कामाचीच असते," म्हणालीस. दोरा ओवायला तुला फार वेळ लागला.

तुझ्या आजारात मी रोज यायची. गळ्यापाशी अन्न अडायला लागलं होतं, मग पाणी. भेटायला येणारे फुलं आणायचे आणि तू ती नर्सकडून वऱ्हांड्यात फेकायला लावायचीस. आवाज जायच्या आधी एकदा मी तुला विचारलं, आता सांग, दिलं असतंस का?

"नाही," तू म्हणालीस. "आज पण नाही."

तुला पोचवून आल्यावर मी तुझ्या घरी गेले होते. तुझ्या भावानं तुझी खोली उघडली. आवरण्यासारखं काही नव्हतंच, तू जवळ काही ठेवलंच नव्हतंस. दोन साड्या, चष्मा, चपला. त्या रिकाम्या खोलीत तो पलंगाच्या कडेला बसला आणि सहज बोलून गेला. आई गेली तेव्हा तू सहा-सात वर्षांची होतीस. बाबांनी आईच्या साड्या, शाल, स्वेटर, सगळं ट्रंकेत घालून कुलूप लावलं. कुणाला हात लावू दिला नाही. थंडीत तू शाळेत कुडकुडत जायचीस, ओठ निळे पडायचे, शिक्षिकेनं घरी निरोप पाठवला, तरी बाबांनी ट्रंक उघडली नाही. तुझ्यासाठी नवं लोकरीचं काही घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बऱ्याच वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा आत कसरीनं खाल्लेली चाळण होती. "ती तेव्हा रडली नाही," भाऊ म्हणाला. "बाबांना म्हणाली, आता घाला."

वत्सला, हे तू मला का नाही सांगितलंस? मला जाऊ दे. त्या बाईला का नाही सांगितलंस? ती तुझे पाय धरून फरशीवर बसली होती तेव्हा तू तिला नियम सांगितलास. कारण सांगितलं असतंस तर कदाचित ती स्वतःहून पुस्तकं ठेवून गेली असती. निदान तुला तसं बोलून गेली नसती. एवढीशी गोष्ट तुझ्या तोंडातून निघाली नाही. सगळ्यांची ट्रंक उघडायला निघालीस आणि स्वतः अशी कुलूप लावून बसलीस. माझा राग ह्याचा आहे. त्या झबल्यांपेक्षाही जास्त.

आज सकाळी गडियाहाटच्या बाजारात रुमाची आई भेटली. मी आधी ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं. झुमा आता मोठ्या शाळेत जाते, म्हणाली. मग मीच म्हटलं, "बोत्शोलादी गेल्या."

तिनं हातातलं वांगं परत ढिगावर ठेवलं. "कधी?"

"परवा."

"खूप कष्ट झाले?" बंगालीत कष्ट म्हणजे यातना. तिनं तेच विचारलं, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत विचारलं.

अशा वेळी लोक खोटं बोलतात. शांतपणे गेल्या, झोपेतच, म्हणतात. मी म्हटलं, "हो. फार."

ती पुढचं ऐकायला थांबली होती. मग मी तिला सांगितलं. पाण्याचा घोट उतरत नव्हता, ओठ फुटले होते. आवाज गेला तेव्हा पलंगाच्या लोखंडावर वाटी आपटून नर्सला बोलवायची. शेवटी शेवटी वाटीही हातात धरवेना. इंजेक्शनाचा परिणाम उतरला की डोळे असे व्हायचे की मी खोलीबाहेर जायची. सगळं सांगितलं. बाजाराच्या गर्दीत, भाजीवाल्यासमोर. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, खूप दिवसांची तहान भागावी तसा.

"अच्छा," ती म्हणाली आणि पुन्हा वांगी निवडायला लागली.

तुझ्या भावानं सांगितलेलं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते ऐकलं असतं तर तिला तुझी कीव आली असती. बाई चांगली आहे, नक्की आली असती. आणि मग तिनं काय करायचं होतं? मुलगी गेली, पुस्तकं गेली. तुझ्यावरचा राग तेवढा तिच्याजवळ उरला आहे, इतकी वर्षं जपलाय तिनं. तू असतीस तर तोही तिच्या हातून काढून घेतला असतास.

मी नाही घेतला.